पत्र्याची चव

ज्या माणसाने माझ्या गाडीचा दरवाजा चाटून मला चारचौघांत खोटं पाडलं, त्याच्याबद्दल चांगलं लिहायला मी बसलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे कुठे चुकून चांगलं लिहिलं गेलं, तर तो त्याचा गुण समजू नये, माझी घाई समजावी.

बोईसरहून नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. सुरुवात केली ती मासळीच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून. बर्फाच्या पाण्यात उभं राहून पायाची बोटं पांढरी पडली, तेव्हा ठरवलं की आता टेम्पोत उभं राहायचं नाही, टेम्पो विकायचे. जुनी गाडी घ्यायची, नीटनेटकी करायची, विकायची. भाव करण्यात मला हरवणारा माणूस पालघर ते डहाणू पट्ट्यात नाही, असं मी म्हणतो आणि लोक मान्य करतात. कोणी लगेच मान्य केलं नाही, तर मी त्याच्याशी वाद घालतो. मग करतात.

हा माणूस उमरोळीला रस्त्याच्या कडेला बसायचा. सगळे त्याला मामा म्हणत. मीही तोंडावर मामाच म्हणायचो. मागे काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुकानावर पाटी होती : ‘गंज काढून मिळेल’. खाली बारीक अक्षरांत : ‘घाई असेल तर पुढे दुसरा आहे’. पुढे दुसरा कोणी नव्हता. पुढे रेल्वेचं फाटक होतं.

मूळचा सातपाटीचा. घरची बोट होती, पण बोटीत पाय ठेवला की ह्याला उलटी. नांगर टाकलेल्या बोटीतसुद्धा. शेवटी बापाने कंटाळून किनाऱ्यावर ठेवला, तेव्हापासून ह्याचं समुद्राशी वैर. ‘मला बाहेर ओकायला लावतो काय,’ म्हणायचा, ‘मी बी त्याला एकेका पत्र्यातनं ओकायला लावीन.’ समुद्र म्हणजे मीठ, मीठ म्हणजे गंज, असा त्याचा हिशेब. आमच्याकडे मासळीचे टेम्पो, त्यांत बर्फाचं खारं पाणी झिरपतं, वर्षा-दोन वर्षांत खालचा पत्रा पोळीसारखा फुगतो. त्यामुळे वैर काढायला त्याला गाड्या कमी पडल्या नाहीत.

काम मात्र करायचा. इथे मला खोटं लिहिता येत नाही. बाकीचे लोक गंजावर पॉलिश पेपर फिरवतात, भोकावर लांबीची पुट्टी भरतात, वर रंग मारतात आणि गिऱ्हाईक फाटक ओलांडून जाईपर्यंत देवाचं नाव घेतात. हा पत्रा नागडा करायचा. वायर ब्रश, मग पेपर, मग गंजाचं ॲसिड, मग पाणी, मग कोरडं फडकं. पत्रा चांदीसारखा झाला, की गुडघ्यावर बसायचा, डोळे मिटायचा आणि जिभेचं टोक पत्र्याला लावायचा. आमटीत मीठ पडलंय का बघावं, तसा. मग एकच शब्द बोलायचा. ‘खारट’ किंवा ‘फिकट’. फिकट, म्हणजे मीठ गेलेलं, असेल तर प्रायमर. खारट असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

‘मीठ खाली राहिलं तं वर सोन्याचा रंग दे,’ म्हणायचा, ‘सा महिन्यांत फोड येनार. मंग तू माझ्या नावानं बोंबलनार. त्यापेक्षा आताच बोंबल.’

गाडी कुठली आहे ते त्याला आधी सांगायचं नाही. तो चाटून सांगायचा. ‘ही वाड्याची. समुद्र लांब, गोडी गाडी.’ ‘ही नवापूरची, बंदराकडं तोंड करून उभी करता.’ एकदा पालघरच्या एका बँकेतल्या माणसाची गाडी आली होती. मामाने मागचा दरवाजा चाटला आणि म्हणाला, ‘ही तीन-चार महिने सातपाटीला होती.’ तो म्हणाला, ‘शक्यच नाही, माझ्या मेव्हण्याकडे होती. तो मनोरला नोकरीला आहे.’ मामाने पुन्हा चाटला. ‘मेवना सातपाटीला हाय,’ म्हणाला. तो माणूस तिथूनच फोन लावत बाहेर गेला. पुढे त्या घरात काय झालं ते कळलं नाही, पण गाडी न्यायला बायको एकटी आली होती आणि ती मामाशी बोलली नाही.

दुसरा ताप म्हणजे पापड. रोज सकाळी तो उडदाचा एक पापड भाजायचा आणि शटरच्या खिळ्याला दोऱ्याने लटकवायचा. दहा वाजता तोडून बघायचा. कट्‌ असा आवाज आला, तर हवा कोरडी, प्रायमर मारायचा. सादळला असेल, तर त्या दिवशी प्रायमर बंद. मग समोर मंत्र्याची गाडी असो. एकदा मी चहावाल्याकडून ताजा भाजलेला पापड आणून गुपचूप खिळ्याला बांधला. दहाला मामाने तोडला. खणखणीत आवाज आला. मी म्हटलं, ‘चला, लागा कामाला.’ मामा हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला.

‘ह्यो तांदलाचा हाय,’ म्हणाला.

‘पापड तो पापड!’

‘आनी तू माझा भाचा,’ म्हणाला, आणि तुकडा खाऊन टाकला. त्या दिवशी काम झालं नाही.

आता मूळ प्रकरण.

उमरोळीच्या पुढच्या एका लहान शाळेला मुलांसाठी व्हॅन हवी होती. मुख्याध्यापिका माझ्याकडे आल्या. बाईंना जुनी चालणार होती, पण शाळा उघडायच्या आत हवी होती. ही नीट निघाली तर पुढच्या वर्षी आणखी दोन घेणार. माझ्याकडे नवापूरच्या एका मासळीवाल्याची व्हॅन पडून होती. इंजिन ठणठणीत, पत्रा मेलेला. मे महिन्यातला शेवटचा गुरुवार ठरला. गुरुवारी सकाळी अकराला बाई गाडी बघायला येणार. पसंत पडली नाही तर स्टेशनजवळच्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाणार, आणि हा दुसरा व्यापारी म्हणजे एके काळी माझ्याच हाताखाली टायर धुणारा माणूस. तेव्हा ही व्हॅन मला विकायची होती, एवढं पुरे.

दोन आठवडे आधी गाडी मामाकडे नेली. मामाने भाव सांगितला. मी म्हटलं, फोड करून सांगा. मजुरी, पेपर, ॲसिड, प्रायमर आणि पाणी.

‘पाणी?’ मी ओरडलो. ‘पाण्याचे पैसे?’

‘सूर्या नदीचं पानी आनतो. नलावरनं, डबे भरून. रिक्षा लागते.’

‘माझ्या यार्डात बोअर आहे. बारा महिने पाणी. पिंपं भरून पाठवतो. पाणी कापा.’

मामाने फळीवर खडूने मांडलेला पाण्याचा आकडा अंगठ्याने पुसला. मग म्हणाला, ‘तुझी गाडी, तुझं पानी. कापलं.’

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की आज मामालाही कापला.

तिसऱ्या दिवशी व्हॅन नागडी झाली. दरवाजे काढून फळीवर ठेवले. मामाने ॲसिड लावलं, धुतलं, पुसलं, चाटलं. ‘खारट.’ चौथ्या दिवशी पुन्हा धुतलं. ‘खारट.’ पाचव्या दिवशी खारट. बोईसरच्या हवेत नागडा पत्रा रात्रभर ठेवला, की सकाळी त्यावर केशरी साय धरते. म्हणजे रोज सकाळी नवा गंज, रोज तो काढायचा, रोज धुवायचं आणि रोज मी तिथे उभा राहून ओरडायचं. गाडी उचलून दुसरीकडे न्यावी, तर दरवाजे एकीकडे, बॉनेट एकीकडे. नागड्या माणसाला घेऊन तुम्ही कुठल्या कुठे जाणार?

शेजारी वेल्डिंगवाला होता, आझमगडचा. तो वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून म्हणायचा, ‘सेठ, आप रोज चिल्लाते हो, मामा रोज चाटता है. गाड़ी बीच में बूढ़ी हो रही है.’

आठव्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामा रोज दहा वाजता न्याहारी करायचा. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. मी म्हटलं, ‘अहो, तुमची जीभच खारट आहे! पत्रा काय करणार?’

मला वाटलं चिडेल. पण मामा खरोखर विचारात पडला. ‘हे बोलनं बराबर हाय,’ म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने मीठ सोडलं. आळणी भात, आळणी वाल. चौथ्या दिवशी त्याची बायको माझ्या यार्डात आली. ‘शेट,’ म्हणाली, ‘काय जादू केली तुमी? तीस वर्सं म्हनतोय चटनीत मीठ कमी हाय, आनी आता मीठच नको बोलतोय. माझ्या हाताला चव नाय असं सांगितलं का कोनी?’ मी तिची समजूत काढली. पत्रा खारटच होता.

गुरुवार उजाडला. बाई अकराला मामाच्या दुकानावरच येणार. मी नऊलाच उमरोळीला. ठरवून गेलो होतो, की आज मामाची जीभ नको, तिसऱ्या माणसाची जीभ हवी. तेवढ्यात सातपाटीची मावशी पाटी डोक्यावर घेऊन आली. रोज त्याच वाटेने मासळी विकत जायची. मिठाचं हिच्याएवढं कळणारं दुसरं कोण?

‘मावशी,’ मी म्हटलं, ‘हा दरवाजा जरा चाटून सांग, खारट आहे का.’

मावशीने पाटी खाली ठेवली, ती मला मारायला हात मोकळे हवेत म्हणून, असं मला वाटलं.

‘मेल्या, महिनाभर मासं घेत नाय माझ्याकडनं, आनी दरवाजा चाटायला बोलवतोस?’

‘घेतो की. मांदेली दे पावशेर.’

‘पावशेर? माझी जीभ पावशेरात नाय येत. सगली घे.’

भाव केला. कमी केला नाही तिने. पाटीतली सगळी मांदेली घेतली. मग तिने पदराने तोंड पुसलं, दरवाजावर वाकली, जीभ लावली आणि लगेच थुंकली.

‘आई गं! बोंबील वालत घातलेलं का यावर?’

‘बघ,’ मामा म्हणाला. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. नुसतं ‘बघ’.

मावशीने चूळ भरायला पिंपातलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात घातलं आणि सगळं माझ्या पायावर फेकलं.

‘आरं, ह्ये तं खाडीचं पानी हाय! यात कोलंबी जगंल!’

मी पिंपात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. यार्डात आम्ही प्यायला जार आणतो. बोअरचं पाणी मी कधी तोंडात घेतलंच नव्हतं. साबणाला फेस यायचा नाही, तेव्हा मी साबणवाल्याशी भांडून साबण परत केला होता. दोनदा.

वेल्डिंगवाल्याने चष्मा वर केला. ‘सेठ, ये पानी तो आपके यार्ड से आता है ना?’

मी मामाकडे वळलो. ‘तुम्हाला माहीत होतं?’

‘पैल्या दिवसापासनं.’

‘मग सांगितलं का नाही? बारा दिवस? बारा दिवस तुम्ही खाऱ्या पाण्याने गाडी धुताय आणि खारट खारट म्हणताय?’

‘तू पानी कापलंस,’ मामा शांतपणे म्हणाला. ‘पानी चाखून सांगायचं काम पान्याच्या पैशात होतं. तेबी कापलं गेलं.’

मामाला कापायला गेलो आणि मीच कापला गेलो होतो. हे माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. म्हणून मी आधी वेल्डिंगवाल्याला शिवी दिली आणि मग मामाच्या अंगावर गेलो. मावशी मध्ये पडली. त्या गडबडीत मागून आवाज आला, ‘इथे सगळे थुंकतायत का?’

बाई आल्या होत्या. पावणेअकरा वाजले होते.

मी सावरून काही सांगायच्या आत मावशीने सगळं सांगितलं, अगदी साबणासकट. साबणाचं तिला कोणी सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. बाईंनी छत्री मिटली आणि व्हॅनभोवती फेरी मारली. मामाने प्रत्येक भोकाला खडूने गोल केला होता. बाईंनी एकेक गोल मोजला. पायाखालचा पत्रा बघितला. मग पदर सावरून वाकल्या आणि दरवाजाला जीभ लावली.

‘खारट आहे,’ म्हणाल्या, उत्तरपत्रिकेत चूक सापडल्यासारख्या.

माझी व्हॅन गेली, मी मनात म्हटलं. आता स्टेशनजवळ रिक्षा करतील.

‘दुसरीकडच्या गाड्या मी काल बघून आले,’ बाई म्हणाल्या. ‘चकचकीत आहेत. त्यांच्या आत काय आहे, ते कोणी दाखवत नाही. ही मी आतून पाहिली. हीच घेईन. पण ही भोकं मी पाहिलीत, हे लक्षात ठेवून किंमत सांगा.’

मी आवाज चढवला. त्या म्हणाल्या, ‘बसून बोला.’ मी प्रायमरच्या डब्यावर बसलो. का बसलो ते माहीत नाही. उठलो तेव्हा व्हॅन अशा किमतीला गेली होती, की ती मी बायकोलाही खरी सांगितली नाही.

मग सूर्येचं पाणी आलं. रिक्षाने, माझ्या खर्चाने. पहिल्याच दिवशी मामाने पत्रा चाटला आणि म्हणाला, ‘फिकट.’ भोकांवर लांबी नाही, वेल्डिंगवाल्याकडून नवा पत्रा जोडून घेतला. एका कोरड्या सकाळी प्रायमर मारला. त्या वेळी मामाशी कोणी बोलायचं नसे. तो स्प्रे-गनच्या मागे श्वास धरून चालायचा, आणि राखाडी रंग पत्र्यावर असा बसायचा, की जणू पत्रा जन्मतःच तसा होता. हे चांगलं लिहिलं गेलं. असो.

दोन दिवसांनी बाई बघायला आल्या. हात फिरवला. ‘छान झालंय,’ म्हणाल्या. ‘असंच राहू द्या. वर रंग नको. फक्त एक पिवळा पट्टा ओढा, शाळेचं नाव घाला आणि रंगाचे पैसे कमी करा.’

मी हो म्हणणार होतो. माझंही काम संपलं असतं. पण मामा पहिल्यांदाच ओरडलेला मी पाहिला.

‘बाई! प्रायमर म्हंजे बनियन! बनियनवर पोरांना शालेत पाठवता का? पानी पितो प्रायमर. दोन म्हैन्यांत आतनं घाम फुटंल!’

‘शाळेकडे पैसे नाहीत,’ बाई म्हणाल्या.

‘फुकट मारतो!’

‘मग ठीक आहे,’ बाई म्हणाल्या आणि छत्री उघडून चालू लागल्या.

मला आजही राग येतो तो ह्याचा. मी वीस वर्षं ह्या माणसाकडे गाड्या आणल्या. वीस वर्षांत त्याने मला चहाचे पैसेसुद्धा सोडले नाहीत. मी तेच ओरडून विचारलं : ‘तिला फुकट? आणि मला पाणीसुद्धा नाही?’

‘तू भाव करतोस,’ मामा म्हणाला. ‘बाईनं कुठं भाव केला? बाई नुसती नको बोलली. नको बोलल्यावर मानूस काय करनार?’ मग डबे हलवून बघितले. ‘पिवला नाय माझ्याकडं. पालघरला जा, घेऊन ये. दुपारी वारा समुद्राकडनं सुटला की मी गन धरनार नाय. उद्यापासून हवा बिघडते. आज झाला तं झाला.’

साडेनऊ वाजले होते. मी मोटारसायकल काढली.

पालघरच्या त्या रंगवाल्याशी मी इतकी वर्षं भांडतोय, की आमच्या भांडणाला ठरलेली चाल आहे. तो दुप्पट सांगतो, मी निम्मा सांगतो, तो डबा परत ठेवतो, मी पायरी उतरतो, तो हाक मारतो. अर्धा तास सहज जातो. त्या दिवशी त्याने डबा काउंटरवर ठेवला, नेहमीसारखा दुप्पट भाव सांगितला आणि हात बांधून माझी वाट बघत उभा राहिला.

मी खिशातून पैसे काढले, पुरे दिले आणि डबा उचलला.

तो काउंटरमागून धावत पायरीवर आला. चेहरा पडलेला. ‘शेट,’ म्हणाला, ‘घरी कोणाचं काही... सगळं बरं आहे ना?’

‘मामाचा वारा फिरेल!’ मी ओरडलो आणि किक मारली.

व्हॅन त्या दिवशी पिवळी झाली, साडेबाराच्या आत. मामा पुढे गुडघे गेले म्हणून लेकीकडे वर डोंगरात, जव्हारला राहायला गेला. तिथला पत्रा सगळा गोड आहे, करमत नाही, असा त्याचा निरोप आला होता. बाईंची व्हॅन अजून धावते. पण रंगवाल्याच्या दुकानात मला तेव्हापासून दुप्पटच भाव सांगतात आणि मी कितीही वेळा पायरी उतरलो, तरी आता कोणी हाक मारत नाही.